केदाहच्या सल्तनतीचा अभ्यास सुरू करताना

मलय द्वीपकल्पाच्या वायव्येला असलेल्या केदाहच्या सल्तनतीवर मी बरीच वर्षे काम करत आलो आहे. या विषयाकडे वळू पाहणाऱ्यांना मी नेहमी सांगतो, की आरंभ सुलतानांच्या वंशावळीपासून न करता पिनांग बेटाच्या व्यवहारापासून करावा.

सयामचे, म्हणजे आजच्या थायलंडचे, दडपण वाढत असताना सुलतान अब्दुल्ला मुकर्रम शाह याने ईस्ट इंडिया कंपनीला हे बेट देऊ केले आणि त्या बदल्यात वर्षाला ३०,००० स्पॅनिश डॉलर व शत्रूविरुद्ध मदत मागितली. ११ ऑगस्ट १७८६ रोजी फ्रान्सिस लाइटने कंपनीच्या वतीने बेटाचा ताबा घेतला, पण लष्करी मदतीची हमी कलकत्त्याहून कधीच आली नाही. १७९१ मध्ये बेट परत घेण्यासाठी सुलतानाने जमवलेले सैन्य लाइटने आधीच हल्ला करून उधळून लावले, आणि त्यानंतरच्या तहात वार्षिक ६,००० डॉलर ठरले. १८०० मध्ये समोरची किनारपट्टीही कंपनीकडे गेली आणि रक्कम १०,००० झाली. हे तह मी शेजारीशेजारी ठेवून, सुलतानाने काय मागितले आणि त्याला काय मिळाले असे दोन रकाने करून वाचतो; राज्याच्या संरक्षणाची हमी दुसऱ्या रकान्यात कुठेही येत नाही.

मराठी अभ्यासकाने येथे १८०२ चा वसईचा तह आठवून पाहावा. पेशव्यांच्या गळ्यात तैनाती फौज बांधणारी कंपनी केदाहला फौज द्यायला तयार नव्हती, कारण तिला सयामशी वैर नको होते.

या वैराचा प्रश्न समजायचा तर ‘बुंगा मास’कडे बारकाईने पाहावे लागते. सोन्याचांदीची ही शोभेची झाडे केदाहकडून साधारणपणे दर तीन वर्षांनी बँकॉकला जात. सयामी दरबार त्यांना मांडलिकत्वाची खूण मानी, तर मलय बाजू त्यांकडे मैत्रीची भेट म्हणून पाही. म्हणूनच केवळ इंग्रजी पत्रव्यवहारावर विसंबू नये असे मी आग्रहाने सांगतो. पेशवाईच्या अभ्यासकाला मोडी लागते, तशी येथे अरबी वळणाची जावी लिपी लागते, आणि ती लवकर शिकून घेतलेली बरी.

पुढे १८२१ मध्ये सयामने केदाहवर स्वारी केली. सुलतान अहमद ताजुद्दीन पिनांगला आश्रयाला गेला, तरी १८२६ च्या बर्नी तहात इंग्रजांनी केदाहवरील सयामचा ताबा मान्य केला, आणि सुलतानाला परतायला १८४२ उजाडले. १९०९ मध्ये सयामने केदाहवरील आपले हक्क ब्रिटनला दिले, तेही सुलतानाला न विचारता. १९२३ च्या तहात मात्र, सुलतान आणि त्याच्या मंडळाच्या लेखी संमतीवाचून केदाह इतर कोणत्याही राज्यात विलीन करणार नाही, असे ब्रिटनने लिहून दिले. माझ्या मते नव्या अभ्यासकाने या कलमावर सर्वाधिक वेळ द्यावा, कारण १७८६ पासून नाकारली गेलेली लेखी हमी केदाहच्या दरबाराने येथे, मर्यादित अर्थाने का होईना, मिळवली.