कार्ट्रिजमधला जळका वास कसा गेला

ई-सिगारेटच्या रिफिल कार्ट्रिजमधलं मूळ फिलर (लिक्विड धरून ठेवणारा आतला स्पंजासारखा भराव) दबून पार चपटं झालं होतं म्हणून मी घरातला साधा कापूस कोंबला, तर दोन दिवसांत जळका वास यायला लागला आणि घसा खवखवला. उघडून बघितलं तर कॉइलला, म्हणजे लिक्विड तापवणाऱ्या तारेला, टेकलेलं कापसाचं टोक काळं पडलेलं. पॉलिस्टर फायबर पण साधारण 250-260 डिग्रीला वितळतं आणि कोरडी कॉइल त्याच्याही वर तापू शकते, म्हणजे फिलर कुठल्याही मटेरियलचं असो, ते कॉइलला टेकता कामाच नये. ॲक्वेरियमचा फोम मी नकोच म्हटलं, काहींवर बुरशी रोखणारं केमिकल असतं आणि तापल्यावर त्याचं काय होतं ते फुफ्फुसावर कशाला बघायचं! ग्लासवूल (काचेच्या तंतूंची लोकर) तर अजिबात नाही. शेवटी ब्लीच न केलेला कापूस उकळून, पूर्ण वाळवून, सैलसर भरला, कॉइलपासून जरा लांब. लिक्विड कमी वाटलं की लगेच थांबतो. वास गेला.