छोट्या विमानाला ग्लो इंजिन: कुठलं घ्यायचं आणि कसं बसवायचं

आधीच सांगतो, पहिलंच मॉडेल असेल आणि फक्त उडवायला शिकायचं असेल तर ब्रशलेस मोटर, 3 सेलची लिपो बॅटरी आणि 30 अँपचा ईएससी (मोटरचा स्पीड कंट्रोलर) घ्या आणि मोकळे व्हा, 1 किलोच्या ट्रेनरला (शिकायच्या विमानाला) 200-250 वॉट आरामात पुरतात. पण तो आवाज, तो धूर, एरंडेलाचा वास हे सगळं हवंच असेल (असतंच काहींना, इलाज नाही) तर ग्लो इंजिन, म्हणजे मिथेनॉलवर चालणारं आणि प्लगची तार तापवून सुरू होणारं छोटं इंजिन. त्यासाठी पुढे वाचा.

इंजिनावर 15, 25, 40, 46 असे आकडे असतात, ते घन इंचाचे शंभरावे भाग. म्हणजे 15 म्हणजे साधारण 2.5 सीसी, 25 म्हणजे 4 सीसी, 46 म्हणजे 7.5 सीसी. सव्वा मीटरच्या आसपास पंख आणि दीड किलोपर्यंत वजन असलेल्या ट्रेनरला 25 बास आहे. लोक तिथे 40 लावतात, "पॉवर जास्त असलेली बरी" म्हणून, आणि मग नाक जड होतं, शेपटीत शिसं भरावं लागतं, विमान उतरताना दगडासारखं येतं. प्लॅनवर जी रेंज लिहिलीय तिच्यातलं मधलं इंजिन घ्या, विषय संपला.

सेकंडहँड घेताय तर प्लग लावलेला ठेवून प्रॉप (पंखा) हळूहळू हाताने फिरवून बघा. पिस्टन वरच्या टोकाला आला की चांगलं घट्ट लागलं पाहिजे, एबीसी टाइप (पिस्टनला रिंग नसलेलं, क्रोम चढवलेल्या पितळी स्लीव्हचं) असेल तर थंड असताना जरा अडकल्यासारखंच लागतं, ते चांगलं लक्षण. खरखर जाणवली तर बेअरिंग गंजलंय, किंमत पाडा नाहीतर सोडून द्या. अजिबात फिरतच नसेल तर बहुतेक वेळा आत जुनं एरंडेल चिकटून बसलेलं असतं, हीट गनने गरम केलं की सुटतं, पक्कड लावून जोर करू नका प्लीज. एनसीसी एअर विंगमध्ये कंट्रोल लाइन (हातातल्या तारांनी गोल फिरवायची विमानं) उडवलेले लोक तुम्हाला डिझेल घे म्हणून सांगतील, ज्यात प्लगच नसतो, इथर-केरोसीन-एरंडेल चालतं आणि वरच्या स्क्रूने कॉम्प्रेशन बदलायचं. मस्त प्रकार आहे, पण इथर घरात ठेवायला मी तरी कुणाला सांगणार नाही.

आता बसवणं. फायरवॉलला (नाकातली लाकडी भिंत, जिच्यावर इंजिन बसतं) आधी पातळ इपॉक्सीचा हात मारा, नाहीतर फ्युएल लाकडात मुरतं आणि काही महिन्यांनी माउंटच (इंजिन धरणारा ब्रॅकेट) हलायला लागतो. नायलॉनचा माउंट, मागून टी-नट (लाकडात रुतणारा नट), पुढून बोल्ट. इंजिन 2 डिग्री उजवीकडे आणि 2 डिग्री खाली बघायला हवं (कॉकपिटमधून बघताना उजवीकडे), त्यासाठी माउंटच्या मागे डाव्या बाजूला आणि वरच्या बाजूला वॉशर घाला.

खरी गंमत टाकीत आहे. इंजिन मधेच बंद पडतं म्हणून लोक प्लग बदलतात, फ्युएल बदलतात, शेवटी इंजिनच विकून टाकतात, आणि दोष निघतो टाकीचा. टाकीची मधली रेघ सुईच्या (कार्ब्युरेटरवरचा फ्युएल कमीजास्त करायचा स्क्रू) लेव्हलला किंवा 5-10 मिमी खाली हवी. फार वर असेल तर उतरताना इंजिन फ्लड होतं, फार खाली असेल तर नाक वर केलं की उपाशी मरतं. टाकी फोममध्ये गुंडाळा म्हणजे फेस होणार नाही. आतली क्लंकची (टोकाला वजन लावलेली) नळी मोकळी फिरली पाहिजे, मागच्या भिंतीला टेकायला नको. एक नळी कार्ब्युरेटरला, एक मफलरच्या प्रेशर निपलला. चालू इंजिनच्या फ्युएल लाइनमध्ये बुडबुडे दिसले तर बाकी काही बघू नका, टाकीतली नळी काढा, बारीक भोक सापडेलच.

25 ला प्रॉप 9x5 किंवा 9x6 (इंचात व्यास आणि पिच), बॅलन्स करूनच लावा, आणि कॉम्प्रेशन लागतं तेव्हा आडवा राहील असा कसा, म्हणजे इंजिन बंद पडून उतरलात तरी प्रॉप वाचतो. फ्युएलमध्ये ऑइल 18-20 टक्के ठेवा, तिथे काटकसर नको. नायट्रो (नायट्रोमिथेन) 5 टक्के असलं तरी शिकण्यापुरतं भरपूर होतं. मिथेनॉल विष आहे आणि त्याची ज्योत उन्हात दिसत नाही, त्यामुळे डब्याला लेबल लावा आणि पोरांपासून लांब ठेवा.

स्टार्ट करताना कुणालातरी विमान मागून धरायला सांगा. सुई पूर्ण बंद करून मग दोन-अडीच फेरे उघडा, थ्रॉटल फुल, कार्ब्युरेटरवर बोट ठेवून प्रॉप तीन-चार वेळा फिरवा, फ्युएल नळीतून येताना दिसतं, मग थ्रॉटल पाव करा, ग्लो (प्लग तापवणारी बॅटरी) जोडा आणि काठीने फ्लिक करा, बोटाने नाही. चालू झालं की मागे या आणि सुई मागूनच फिरवा. पहिली टाकी विमान जमिनीवरच ठेवून इंजिन चालवून संपवा, एक-दोन मिनिटं चालवा, थंड होऊ द्या, परत चालवा. पिस्टनला रिंग असलेल्याला चांगलं रिच (फ्युएल जास्त, हवा कमी; उलटं म्हणजे लीन) ठेवा, एबीसीला फार रिच नको, जरा गरम होऊ द्यावं लागतं.

नंतर फुल थ्रॉटलला सुई हळूहळू बंद करत जा, आवाज वर चढेल आणि एका जागी थांबेल, तिथून दोन-तीन क्लिक परत उघडा. मग नाक सरळ आभाळाकडे करून दहाएक सेकंद धरा, आवाज बसला तर अजून एक क्लिक उघडा. आयडलला फ्युएलची नळी चिमटीत धरा: लगेच बंद पडलं तर लो-एंड (कमी वेगाचं मिश्रण) लीन आहे, दोन-तीन सेकंद चालून किंचित वेग घेऊन बंद पडलं तर बरोबर, बराच वेळ चालत राहिलं आणि वेग खूप वाढला तर रिच.

अजून एक, जे मॅन्युअलमध्ये नसतं. पुणं समुद्रसपाटीपासून साधारण 560 मीटरवर आहे, तिथे लावलेली सुई तशीच घेऊन अलिबागला गेलात तर दाट हवेमुळे इंजिन लीन चालेल आणि तापेल, म्हणून तिथे आधी एक-दोन क्लिक उघडा. पाचगणीला उलटं. डिसेंबरच्या थंड सकाळी लावलेलं सेटिंग दुपारी रिच वाटतं तेही यामुळेच.

संध्याकाळी चालू इंजिनची फ्युएल नळी काढून आत उरलेलं फ्युएल इंजिन बंद पडेपर्यंत चालवून संपवा, कारण मिथेनॉल हवेतलं पाणी ओढतं आणि बेअरिंग गंजतं. प्लगच्या भोकातून आणि कार्ब्युरेटरमधून शिलाई मशीनच्या तेलाचे चार-पाच थेंब सोडा, प्रॉप थोडा फिरवा, टाकी रिकामी करा आणि विमान नाक खाली ठेवून टांगा.