फिटच्या गोळ्या चालू असताना बाळाचा विचार

अपस्माराच्या, म्हणजे फिटच्या, गोळ्या घेणाऱ्या स्त्रीने मूल हवे असे ठरवले, की पाळी चुकण्याची वाट न पाहता काही महिने आधीच मेंदूविकारतज्ज्ञांना भेटावे. कारण बाळाचा मेंदू व मज्जारज्जू ज्या नळीपासून घडतात ती गर्भधारणेनंतर साधारण २८ दिवसांतच मिटते आणि तोवर पुष्कळ जणींना दिवस राहिल्याचा पत्ताही नसतो.

जाण्यापूर्वी गोळ्यांची पट्टी उलटून पाहावी. सदाशिव पेठेतल्या दुकानात एका नावाने मिळणारी गोळी हडपसरला दुसऱ्याच नावाने हाती पडते. औषधाचे खरे नाव बारीक अक्षरांत असते. तेथे व्हॅल्प्रोएट किंवा डायव्हॅल्प्रोएक्स असे असेल, तर ते डॉक्टरांना आवर्जून दाखवावे. गर्भारपणात हे औषध घेतलेल्या मातांच्या दर १०० बाळांपैकी सुमारे १० बाळांत मोठे जन्मजात व्यंग आढळते (एरवी हे प्रमाण २ ते ३ असते), आणि ३० ते ४० मुलांत पुढे बोलणे, शिकणे किंवा वागणे यांत अडचणी दिसतात. मात्रा जितकी जास्त, तितका धोका मोठा. टोपिरामेटमुळे ओठ व टाळू दुभंगण्याचा आणि बाळाची वाढ कमी होण्याचा धोका वाढतो. लॅमोट्रिजिन व लेव्हेटिरासिटॅम त्या मानाने पुष्कळच सुरक्षित मानली जातात. मात्र ती प्रत्येकीला लागू पडतीलच असे नाही.

हे वाचून आज रात्रीची गोळी मात्र चुकवू नये. ‘बाळाला बाधेल, बंद कर’ हा सासर-माहेरचा सल्ला मायेपोटी येतो, पण माझ्या मते सर्वांत घातक तोच. औषध अचानक तुटल्यास लागोपाठ फिट येऊन आई व बाळ दोघांच्याही जिवावर बेतू शकते. दिवस राहिलेच असतील, तर गोळी चालू ठेवून त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करावा.

फोलिक ॲसिड गर्भधारणेआधीपासून, डॉक्टर सांगतील त्या मात्रेत घ्यावे. १८ ते २० आठवड्यांची सविस्तर सोनोग्राफी टाळू नये. गर्भारपणात लॅमोट्रिजिनची रक्तातील पातळी उतरते, म्हणून मात्रा वाढवावी लागू शकते आणि बाळंतपणानंतर ती लगेच पुन्हा कमी करावी लागते; हा बदल कोणत्या दिवसापासून करायचा, ते प्रसूतीपूर्वीच फाइलीत लिहून घ्यावे. अंगावर पाजणे बहुतेक औषधांत चालते. जागरणाने फिट येऊ शकते, म्हणून रात्रीचे एखादे पाजणे घरातल्या दुसऱ्या कोणी वाटी-चमच्याने सांभाळावे, आणि बाळाला न्हाऊ घालताना आई एकटी नसावी.