रगडा खाण्याआधी

लष्करी अकादमीत गेल्यावर दुसऱ्या रविवारी आईला फोनवर म्हणालो, "काल दोन तास रगडा खाल्ला." ती म्हणाली, "बाहेरचं खाऊ नको रे, पोट बिघडेल." पोट बिघडलेलंच होतं, पण फ्रंट रोल, म्हणजे कोलांट्या, मारून.

खडकवासला, डेहराडून, चेन्नई, कुठल्याही लष्करी अकादमीत जा, हा शब्द पहिल्याच दिवशी कानावर पडतो. नियमावलीत तो सापडणार नाही. तिथे एक्स्ट्रा ड्रिल असते, रिस्ट्रिक्शन असतं, म्हणजे बाकीचे लिबर्टीवर (बाहेर जायच्या सुटीवर) गावात फिरत असताना तुम्ही युनिफॉर्ममध्ये फॉल-इन, म्हणजे रांगेत हजर. रगडा हा बोलीतला शब्द. चुकीबद्दल अंग पिळवटून काढणं, एवढाच त्याचा अर्थ, आणि चूक बहुतेक वेळा दुसऱ्याचीच असते. एकाच्या बुटाची लेस सुटलेली, पुशअप्स सगळ्या कोर्सला, म्हणजे आख्ख्या बॅचला. सुरुवातीला त्या एकाचा राग येतो. महिनाभरात फॉल-इनच्या आधी आपणच शेजाऱ्याच्या लेसकडे बघायला लागतो.

जाण्याआधी पोरं पुशअप्सचे आकडे वाढवतात. वाढवा, पण मला सगळ्यात जड गेली ती पट्टी परेड. हुकूम सुटतो: तीन मिनिटांत पीटी रिग (व्यायामाचे कपडे) काढून ड्रिलच्या पोशाखात खाली या. आलात की मुफ्ती, म्हणजे नागरी कपडे, मग पुन्हा पीटी. शेवटी पोचणाऱ्याला आणखी रोल. चौथ्या फेरीला माझ्या पायात दोन वेगळे मोजे होते आणि टाय खिशात. कपाटात कुठली वस्तू कुठे आहे हे अंधारात हाताला कळलं पाहिजे, हे मी तिथे शिकलो. शिवाय खोलीभर पडलेले कपडे सकाळच्या इन्स्पेक्शनआधी पुन्हा घडी करून जागेवर लावायचे असतात, ते वेगळंच.

फ्रंट रोल मात्र घरीच गवतावर शिकून जा. हनुवटी छातीला टेकवायची, भार खांद्यावर घ्यायचा, डोक्यावर अजिबात नाही. भरल्या पोटी करू नका.

आता एक नाजूक गोष्ट. सीनिअरनं हात उगारला, तर त्याला रगडा म्हणत नाहीत. ती मारहाण आहे आणि तिला मनाई आहे. तुमच्यावर नेमलेल्या अधिकाऱ्याला, म्हणजे डिव्हिजनल ऑफिसरला किंवा प्लाटून कमांडरला, सांगायला लाजू नका. "सहन केलं तरच पक्का फौजी" हे मला तेव्हाही पटलं नव्हतं.

आणि उन्हातल्या जबर रगड्यानंतर लघवी कोकसारखी काळपट झाली, तर लगेच एमआय रूम (अकादमीतला दवाखाना) गाठा. अतिश्रमानं स्नायू फुटून त्यातलं प्रथिन मूत्रपिंडात अडकतं. माझ्या एका कोर्समेटनं भित्रा म्हणतील म्हणून दोन दिवस लपवलं. दीड महिना हॉस्पिटलात गेला आणि ती टर्म त्याला पुढच्या कोर्सबरोबर पहिल्यापासून करावी लागली.