लिंबांच्या मांडवाशेजारची भट्टी: शेतावर पिझ्झा शिकायला जाण्याआधी

शेतावरच्या चार तासांच्या वर्गात पिझ्झा खरंच येतो का, असं मला आता बरेच जण विचारतात. विचारणारे दोन प्रकारचे असतात. काहींना इटलीच्या सहलीत एक दुपार छान घालवायची असते. काहींच्या डोक्यात माझ्यासारखंच गावाकडे स्वतःचं छोटंसं काही सुरू करायचं असतं. दोघांनाही मी एकच सांगते: पीठ शिकता येतं, भट्टी नाही. आणि पीठ शिकण्यासाठी शेतावरच्या घरासारखी दुसरी जागा नाही.

माझं माहेर तासगावजवळचं. घरची द्राक्षबाग आहे. सध्या नोकरीनिमित्त मी जर्मनीत असते, पण बागेच्या कडेला शनिवार-रविवारपुरती लाकडी भट्टीची पिझ्झाची जागा काढायची, हे मी आणि धाकट्या भावाने ठरवलंय. त्यामुळे गेल्या ऑक्टोबरात सुट्टी काढून नेपल्स गाठलं. तिथून चिर्कुमवेसुव्हियाना नावाची लोकल तासाभराहून थोड्या जास्त वेळात सोरेंतोला पोचवते. व्हेसुव्हियस ज्वालामुखी बराच वेळ खिडकीत असतो. सोरेंतोच्या वरच्या डोंगरउतारावर टप्प्याटप्प्यांची शेतं आहेत. खाली ऑलिव्ह, वर लिंबं, आणि लिंबांवर चेस्टनटच्या वाशांचे मांडव. आपल्या द्राक्षाच्या मांडवाची सवय असलेल्या माणसाला ते बघून लगेच घरच्यासारखं वाटतं.

आधी वर्ग निवडण्याबद्दल, कारण बहुतेकांचं इथेच चुकतं. माझंही पहिल्यांदा चुकलं होतं. त्याआधीच्या एका सहलीत शहरातल्या एका ठिकाणी मी पैसे भरले. तिथे समोर तयार उंडा ठेवला, त्यावर टोमॅटो पसरायला लावला, फोटो काढला, झालं. पिठाला हात लावायला मिळाला तो दहा मिनिटं. वाईट वाटलं, कारण पिझ्झा म्हणजे पीठच. 2017 मध्ये युनेस्कोने नेपल्सच्या पिझ्झा कारागिरांची कला अमूर्त वारशाच्या यादीत घेतली. त्या नोंदीत कामाचे चार टप्पे सांगितले आहेत आणि ते सगळे पीठ तयार करण्याचे आणि लाकडी भट्टीत भाजण्याचे आहेत.

म्हणून शेतावरचा वर्ग ठरवताना आधी मेल टाकून तीन गोष्टी विचारा. पीठ आम्ही स्वतः पाण्यापासून मळणार का? भट्टी लाकडाची आहे का? आणि प्रत्येकजण आपापला पिझ्झा थापणार, की एकजण करणार आणि बाकीचे बघणार? उत्तर गोलमोल आलं तर दुसरं शेत बघा. तिथे अशा शेतांना ‘आग्रितुरिस्मो’ म्हणतात. त्याचा स्वतंत्र कायदा आहे, आताचा 2006 चा. शेती हाच मुख्य धंदा राहिला पाहिजे आणि पाहुणचार तिला जोड म्हणून, हे त्यात मुळातच धरलेलं आहे. याचा शिकणाऱ्याला थेट फायदा होतो. समोरचा माणूस सकाळी खरोखर शेतात असतो, आणि ताटात येणाऱ्या गोष्टीबद्दल विचारलं की बांधापासून सांगायला लागतो.

मी गेले ते घर तीन पिढ्यांचं. आजी, मुलगा, सून आणि शाळेत जाणारी दोन नातवंडं. आम्ही शिकणारे सहाजण. सहाच्या वर माणसं असतील तर हात लावायला मिळत नाही, हे माझं मत. मुलगा इंग्रजीत समजावत होता. आजींना इंग्रजी येत नव्हतं आणि खरं शिकवलं ते आजींनीच.

पहिला धक्का मळतानाच बसला. आपण परातीत पीठ घेतो आणि वरून अंदाजाने पाणी घालतो. तिथे उलटं. लाकडी काथवटीत आधी पाणी, त्यात मीठ विरघळवायचं, मग मूठभर पीठ, मग यीस्ट, आणि नंतर उरलेलं पीठ हळूहळू. पाणी ठरलेलं, पीठ कमीजास्त होणार. एक लिटर पाण्याला साधारण 1.7 किलो पीठ, 50 ग्रॅम मीठ आणि ताजं यीस्ट फक्त 2-3 ग्रॅम. यीस्टचा एवढासा तुकडा बघून मला वाटलं हे फुगणारच नाही. पण पिठाला फुगायला अख्खी रात्र मिळते, म्हणूनच ते कमी. यीस्ट वाढवून दोन तासांत फुगवलेल्या पिठाचा पिझ्झा पोटाला जड पडतो, असं त्या घरात सगळ्यांचंच म्हणणं होतं.

शेवटचं दीडेकशे ग्रॅम पीठ घालताना कधी थांबायचं, हेच खरं शिक्षण. मी कोरडं होईपर्यंत घालत गेले असते, कारण हाताला चिकटलं की पिठी लावायची ही आपली सवय. आजींनी माझं मनगट धरलं आणि थांबवलं. पुढची पंधरा-वीस मिनिटं नुसतं मळायचं होतं. मनगटाच्या बाजूने ढकलायचं, दुमडायचं, चतकोर फिरवायचं. सात-आठ मिनिटांनी तेच चिकट पीठ हाताला सोडायला लागलं, वर एक कणही न घालता. पुरणपोळीची कणीक तिंबताना तिला तार येते, तो क्षण ज्यांना माहीत आहे त्यांना हे लगेच कळेल. फरक इतकाच की तिथे तेलापाण्याचा हात असतो, इथे नुसता वेळ. मग आजींनी बोट दाबून खळगा केला आणि आम्हा सगळ्यांना वाकून बघायला लावलं. खळगा हळूहळू भरून आला. बास, एवढं झालं की ओल्या फडक्याखाली झाकायचं.

आता एक गोष्ट आधीच समजून घ्या, नाहीतर हिरमोड होईल. तुम्ही मळलेलं पीठ तुम्ही त्या दिवशी खाणार नाही. नेपल्सच्या पद्धतीत ते किमान आठ तास मुरायला लागतं. म्हणून प्रामाणिक वर्गात तुम्ही मळता एक पीठ आणि थापता दुसरं, आदल्या संध्याकाळी घरच्यांनी मळलेलं. जिथे आत्ता मळलेलं पीठ तासाभरात भट्टीत जातं, तिथे शिकण्यासारखं फार नाही.

आदल्या दिवशीच्या पिठाचे उंडे 250 ग्रॅमचे. एका लिटरच्या हिशेबाला अकरा होतात. पीठ तोडायची पद्धत बघण्यासारखी आहे. अंगठा आणि तर्जनीच्या मधून पिठाचा फुगा वर काढायचा आणि आवळून तोडायचा. मोझरेल्लाचा गोळाही असाच तोडतात. ‘मोत्सारे’ म्हणजे तोडणं, त्यावरूनच चीजचं ते नाव. आजी बोलत बोलत तोडत होत्या आणि काट्यावर टाकला की 250 ला चार-पाच ग्रॅम इकडे-तिकडे.

थापण्याबद्दल आपल्या लोकांसाठी खास सांगते. ज्याला भाकरी थापता येते त्याचा हात अर्धा तयार असतो, पण उरलेला अर्धा उलटा फिरवावा लागतो. भाकरी थापताना आपण कड पातळ करत जातो. जाड कडेची भाकरी म्हणजे कच्ची भाकरी. पिझ्झाची कड जाड ठेवायचीच असते. बोटांची टोकं मधून बाहेर दाबत न्यायची आणि कडेच्या एक-दोन सेंटिमीटर अलीकडे थांबायचं. मधली हवा सरकत कडेला जमते आणि भट्टीत तीच फुगते. लाटणं लावलं की ती हवा मेली. माझी बोटं सारखी कडेवर जात होती. तीन उंडे गेल्यावर कुठे हात थांबायला लागला.

वरचं साहित्य मोजून तीन-चार गोष्टी. टोमॅटो हातानेच कुस्करलेले, त्यात फक्त मीठ, शिजवलेले नाहीत. ते घरच्यांनी ऑगस्टमध्ये बरण्यांत भरून ठेवलेले. पडवीत छोट्या टोमॅटोंचे घोसही दोरीला टांगलेले होते, आपल्याकडे मक्याची कणसं टांगतात तसे. ते हिवाळ्यासाठी. चीज म्हणजे ‘फ्योरदिलात्ते’, गाईच्या दुधाचं. शेजारच्या आजेरोला गावाचं ते प्रसिद्ध आहे. या डोंगररांगेचं नावच लात्तारी, म्हणजे नावातच दूध. पण नुसतं ताजं चीज कापून घातलं तर पिझ्झ्यावर पाण्याचं तळं होतं. सूनबाईंनी ते आदल्या दिवशी कापून चाळणीत निथळत ठेवलं होतं. पाककृतीत हे कुणी लिहीत नाही, आणि घरी पिझ्झा ओलसर का होतो त्याचं निम्मं उत्तर इथे आहे.

मग भट्टी. आम्ही आलो तेव्हा ती पेटून दोन तास झाले होते. ऑलिव्हच्या वाळक्या डहाळ्यांनी पेटवलेली, वर ओकची लाकडं. आमच्याकडे छाटणीनंतर द्राक्षाच्या काड्यांचे ढीग पडतात, ते डोळ्यांसमोर आले. आतला घुमट आधी काजळीने काळा होतो आणि ताप चढला की काजळी जळून पुन्हा पांढरा पडतो. पांढरा झाला की तयार. तळाला असते ‘बिस्कोत्तो’ नावाची सच्छिद्र मातीची जाड फरशी. ती सोरेंतोच्या याच परिसरात हाताने घडवतात. तळ 400 अंशांच्या पुढे तापतो, तरी पिझ्झा खालून जळत नाही, कारण ही माती उष्णता बेताबेताने सोडते. भारतात भट्टी बांधायची असेल तर विटेपेक्षा आधी तळाच्या फरशीचा विचार करा. मी हे तिथे जाण्याआधी कुठेच ऐकलं नव्हतं.

भाजायला 60 ते 90 सेकंद. माझा पहिला पिझ्झा फसला. टोमॅटो पसरून मी बेसिलची, म्हणजे तिकडच्या तुळशीची, पानं नीट मांडत बसले, तेवढ्यात ओलाव्याने तळ लाकडी फावड्याला चिकटला. झटका दिला तर पिझ्झा मधून फाटला आणि निम्मा निखाऱ्यांवर. मुलाने शांतपणे फरशी साफ केली आणि सांगितलं ते आता माझ्या वहीच्या पहिल्या पानावर आहे: वर काही घालायला सुरुवात केलीस की थांबायचं नाही, आणि फावड्यावर घेण्याआधी तळ सरकतो का ते हलवून बघायचं. दुसरा सरकला. तो मी छोट्या गोल फावड्याने फिरवला, तिथल्या तिथे, जागा न बदलता. जागा बदलली तर नवा तापलेला तळ लागतो आणि खालून करपतो. शेवटच्या दोन-तीन सेकंदांना पिझ्झा उचलून घुमटाजवळ धरला. कडेवर बिबट्यासारखे खरपूस ठिपके आले. तो पिझ्झा मी भट्टीच्या कट्ट्याशी उभी राहूनच खाल्ला.

पण दोन पिझ्झे भाजून भट्टी येत नाही. नेपल्समध्ये थापणारा वेगळा आणि भट्टी सांभाळणारा वेगळा. भट्टीवाल्याला आग कुठे सरकवायची, लाकूड कधी घालायचं, पाच पिझ्झे एकदम कसे फिरवायचे हे अंगवळणी पडायला महिने लागतात. धंदा करायचा असेल तर शेतावरचा वर्ग ही पहिली पायरी माना. त्यातून पिठाची ओढ आहे का, उन्हाच्या दुपारी भट्टीसमोर उभं राहवतं का, हे कळतं. पुढे नेपल्समधल्या 1984 पासूनच्या ‘आसोचात्स्योने व्हेराचे पित्सा नापोलेताना’ या संस्थेचे व्यावसायिक अभ्यासक्रम आहेत. त्यांच्या नियमावलीत पिठाची मापं, मुरण्याचा काळ, भट्टीचं तापमान सगळं लिहिलेलं आहे, ते आधी वाचून जा. भारतातून पर्यटक व्हिसावर येत असाल तर एक लक्षात ठेवा: त्यावर पगारी काम करता येत नाही, कुणी ‘चार दिवस हाताखाली राहा, पैसे देतो’ म्हटलं तरी.

घरी आल्यावरचं थोडक्यात. साध्या ओव्हनचा ताप 250 अंशांपर्यंत, म्हणजे 90 सेकंदांचा पिझ्झा विसरा. जाड दगड किंवा पोलादी पत्रा आत ठेवून पाऊण तास तापवा, पीठ थोडं सैल ठेवा, सहा-सात मिनिटं भाजा. मैदा घेताना पाकिटावर प्रथिनांचा आकडा बघा. 100 ग्रॅमला 11-12 च्या आसपास असला तर रात्रभर मुरवायला टिकतो, कमी असला तर सकाळी पीठ पसरून बसतं. सुकं यीस्ट असेल तर ताज्याच्या तिसरा हिस्सा. आणि तासगावच्या एप्रिलमध्ये सोरेंतोच्या ऑक्टोबरची मापं चालणार नाहीत. भावाने तिथल्याच मापाने पहिल्यांदा केलं, पहाटे डब्याचं झाकण उडालेलं होतं. आता तो फ्रीजचं पाणी घेतो, यीस्ट निम्म्याहून कमी, आणि दोन तासांनी डबा फ्रीजमध्ये.

जाताना पायात बंद बूट घाला, अंगठ्या काढून ठेवा, केस बांधा. वही न्या आणि मळून झाल्यावर लगेच लिहा, कारण हाताला जे कळलं ते रात्रीपर्यंत शब्दांत उरत नाही. परतीची शेवटची बस विचारून ठेवा, डोंगरावरून ती लवकर सुटते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सोरेंतोच्या स्टेशनवर होते तेव्हा सूनबाईंनी फोटो पाठवला. आम्ही मळलेल्या पिठाचे पिझ्झे नातवंडांच्या जेवणाला लागले होते. एका पिझ्झ्याच्या कडेला बोराएवढी गाठ होती. काथवटीच्या माझ्या बाजूला पीठ नीट मोडलं गेलं नव्हतं, तीच ती. खाली त्यांनी आजींचा निरोप लिहिला होता: पुढच्या वेळी पहिलं मूठभर पीठ अजून थोडा वेळ पाण्यात फिरव.