संध्याकाळची भूक नीट ओळखा
ठाणे स्टेशनला उतरलं की वडे तळल्याचा वास येतो आणि पाय आपसूक गाडीकडे वळतात. त्यात गैर काही नाही. फक्त ऑर्डर देण्याआधी आठवा, शेवटचं कधी खाल्लं? डबा दुपारी 1 ला संपला आणि आता साडेसात वाजले असतील तर भूक खरीच आहे, उगाच स्वतःला खादाड म्हणू नका. उद्यापासून 5 वाजता ऑफिसातच मूठभर चणे-शेंगदाणे खा. तासाभरापूर्वीच खाल्लं असेल, तर बहुतेक दमणूक किंवा वैताग खायला मागतोय. आठवडाभर मोबाइलमध्ये वेळ, भूक आणि मूड एवढंच टिपा. कॅलरी मोजत बसू नका. पोट भरल्याचं मेंदूला कळायला साधारण 20 मिनिटं लागतात, म्हणून दुसरा वडापाव सांगण्याआधी जरा थांबा.