विहिरीचं अन् नाल्याचं पाणी खारावतंय का, वर्षानुवर्षं मोजायचं कसं

निफाड-दिंडोरीकडं बाग लावायच्या आधी एकदा पाणी तपासतात अन् मग तो रिपोर्ट फाईलीत पडून राहतो. एका रिपोर्टवरून पाणी खारावतंय का ते कळत नाही भाऊ, त्यासाठी तीच विहीर, तोच नाला, तीच पद्धत, निदान चार-पाच वर्षं धरून ठेवावी लागते.

मीटर ईसीचा घ्या; ईसी म्हणजे पाण्यातून वीज किती वाहते ते, क्षार जास्त तितकी ईसी जास्त, अन् ती मायक्रोसिमेन्समध्ये मोजतात. टीडीएसचा, म्हणजे विरघळलेले क्षार पीपीएममध्ये दाखवणारा मीटरही आतून ईसीच मोजतो अन् ०.५ नाहीतर ०.७ नं गुणून आकडा दाखवतो, त्यामुळं १००० मायक्रोसिमेन्सचं एकच पाणी तुमच्या मीटरवर ५०० पीपीएम, शेजाऱ्याच्या मीटरवर ७००, आणि बांधावर उगाच वाद. पाणी एक अंशानं तापलं तरी ईसी साधारण २ टक्के वाढते म्हणून २५ अंशाला धरून आकडा देणाराच घ्या. मीटर तपासायला १४१३ मायक्रोसिमेन्सचं तयार द्रावण मिळतं, ते थोडंसं पेल्यात घेऊन दर वेळी आधी मीटर तपासायचा, अन् ते वापरलेलं परत बाटलीत ओतायचं नाही.

नमुना घेताना मोटार दहा-पंधरा मिनिटं चालू द्या, पाईपात साचलेलं पाणी निघून जाऊ द्या. ड्रिपच्या व्हेंचुरीच्या, म्हणजे पाण्यात खत ओढून घेणाऱ्या नळीच्या, पुढचं पाणी घेतलंत तर खतंच मोजाल. नाल्याचं वाहत्या धारेतलं घ्या, कडेच्या डबक्यातलं नको, आणि दोन ओहोळ मिळत असतील तर बरंच खाली, पाणी नीट मिसळल्यावर. बाटली त्याच पाण्यानं तीनदा विसळायची.

वहीत नुसती ईसी लिहून भागत नाही. पाणी काठापासून किती खाली, पाऊस कधी झाला, पाटाला आवर्तन सुटलं होतं का, हेही लिहा, कारण पाट पाझरला की लगतच्या विहिरीचा आकडा उतरतो अन् आपल्याला वाटतं पाणी सुधारलं. आपल्याकडं खाली काळा पाषाण, पाणी भेगांमधलं, म्हणून बांधाला बांध लागलेल्या दोन विहिरींचे आकडेही जुळतीलच असं नाही, त्यांची सरासरी काढू नका.

दर महिन्याला जमत नसेल तर जानेवारी, मार्च, मे, ऑक्टोबर एवढं तरी करा, भूजल सर्वेक्षणवालेही निरीक्षण विहिरींची पातळी याच महिन्यांत घेतात. तुलना मात्र मे ची मे शी, ऑक्टोबरची ऑक्टोबरशी, उन्हाळ्यातला आकडा पावसाळ्यानंतरच्या आकड्याशी लावून घाबरण्यात अर्थ नाही. ढोबळ मानानं ईसी ७०० च्या आत शेतीला निर्धास्त, ३००० च्या वर धोका, आणि द्राक्षाला १००० च्या पुढं जपून, कलम डॉगरिज या खारं पाणी सोसणाऱ्या खुंटावर असेल तर थोडं जास्त चालतं.

वर्षातून एकदा, मे मध्ये, लॅबमधून क्लोराईड, सोडियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम, बायकार्बोनेट करून घ्या, कारण क्षार कुठले ते ईसी सांगत नाही अन् जमीन चोपण, म्हणजे घट्ट अन् पाणी न मुरणारी, होते ती सोडियमनं.

मीटर बदलायची वेळ आली की जुना लगेच फेकू नका, दोन-तीन महिने दोन्ही एकाच बादलीत बुडवून दोन्ही आकडे वहीत लिहा.